दोन पातळ हात

छंद असलेली माणसं निरुपद्रवी असतात. जपावं लागतं ते छंद लावणाऱ्यांपासून. पहिल्या जातीचा माणूस घराचं दार लावून पोस्टाची तिकिटं चिकटवत बसतो, त्याचा कुणाला त्रास नाही. दुसऱ्या जातीचा माणूस तुम्हाला भर बाजारात गाठतो, हातातली मेथीची जुडी काढून ओट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "बस. पाचच मिनिटं." तुमच्या गावातही असा एक असणारच. पूर्वी तो होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत असेल, मग बोन्सायकडे वळला असेल, मधे काही दिवस गांडूळखत. आमच्या इगतपुरीत नाना आहेत आणि नानांना बोटभर उंचीचे सैनिक जोडून रंगवण्याचा नाद आहे.

नाना रेल्वेत होते, तेही घाटातल्या बँकरवर. कसाऱ्याहून इगतपुरीला येणारा थळ घाट म्हणजे सदतीसला एक असा चढ. १८६५ साली गाडी पहिल्यांदा घाट चढून वर आली आणि तेव्हापासून बहुतेक गाड्यांना इथे मागून आधार लागतो. कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं जोडतात, तेच बँकर. ती गाडीला रेटत रेटत इगतपुरीला आणून सोडतात आणि पुन्हा खाली जातात, पुढच्या गाडीला रेटायला. नानांनी उभी नोकरी हे केलं. निवृत्तीनंतर रेटायला गाडी उरली नाही म्हणून ते माणसं रेटू लागले. काकू म्हणतात, "सरकारनं पेन्शन दिली, पण सवय काढून घेतली नाही."

सुरुवात नातवामुळे झाली. ठाण्याचा नातू सुट्टीत आला आणि जाताना एक खोका विसरून गेला. आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्या चौकटींना लटकलेले हात, पाय, मुंडकी, बंदुका, चिलखतं. परग्रहावर लढणारे योद्धे, साल चाळीस हजार. ब्रिटनमधली गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी १९८७ पासून या जगाचा खेळ काढते आहे. नानांना चाळीस हजार सालाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की पार्ट सुटे आहेत आणि सोबत नकाशा आहे. रेल्वेच्या माणसाला आणखी काय लागतं? जुनं निपर काढलं, रात्र जागवली आणि सकाळी चहाच्या टेबलावर पाच चिलखतधारी पठ्ठे उभे होते. सहावा नानांच्या अंगठ्याला चिकटला होता, कारण सगळं काम फेविक्विकवर चाललं होतं. पुढे त्यांना कळलं की असल्या प्लॅस्टिकसाठी वेगळा डिंक मिळतो. तो दोन्ही बाजू किंचित विरघळवतो आणि सांधा एकजीव होतो. "म्हणजे वेल्डिंगच की!" म्हणून नाना दिवसभर खुशीत होते.

योद्ध्यांपैकी दोघांची डोकी उघडी होती. नानांना ते बरं वाटेना. त्यांनी एमसीलची वळी करून दोघांना फेटे बांधले. महिन्यानं नातू आला आणि किंचाळला, "आजोबा, हा स्पेस मरीन आहे!"

"असू दे," नाना म्हणाले. "मूळचा कुठला?"

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. गाव धोक्यात आलं ते नाना रंगवायला शिकले तेव्हा. नातवानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले आणि त्यातून त्यांना एक मंत्र मिळाला: दोन पातळ हात. रंग कुपीतून काढून थेट लावायचा नाही. पाणी घालून पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. एकच जाड हात मारला की बोटांमधल्या फटी, बंडीच्या चुण्या, मिशीची टोकं सगळी रंगाखाली गडप. हे अगदी खरं आहे आणि ते एका वाक्यात सांगून होतं. नानांना त्याला चार वर्षं लागली, अजून संपलेलं नाही.

रंग किती पातळ? तर दुधाइतका. जगभर हेच सांगतात. नानांनी ते मला सांगितलं तेव्हा मी सहज विचारलं, "पिशवीच्या की आपल्या गवळ्याच्या?" नाना विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही दुधांचे थेंब काचेवर सोडून पाहिले. निकाल गवळ्याच्या बाजूनं लागला. त्या माणसाची तारीफ करणारं गावातलं एकमेव घर म्हणजे नानांचं.

मग प्रत्येक गोष्टीत दोन पातळ हात निघू लागले. काकू ब्रेडला चटणी लावत असल्या की मागून आवाज, "अगं, दोन पातळ." मला उन्हाळ्यात घामोळं आलं, नानांनी पावडर कशी लावायची ते सांगितलं, काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच. एका लग्नात स्टेजवर नवरीला आशीर्वाद देऊन उतरताना ते मला ऐकू जाईल (आणि नवरीच्या मावशीलाही) अशा आवाजात म्हणाले, "एकच जाड हात दिलाय. दोन पातळ दिले असते तर पोरीचं नाक दिसलं असतं." पावसाळ्याआधी गल्लीत डांबर पडलं तेव्हा नाना ठेकेदाराच्या माणसाजवळ उभे राहून बराच वेळ बघत होते. पहिल्या सरीला ते डांबर गटारात गेलं. नाना म्हणाले, "पातळ शिकलेत. दोन शिकले नाहीत." एका शोकसभेत तर वक्त्यानं गळा काढला तेव्हा नाना माझ्याकडे झुकले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालो, "नाना, इथे नको." त्यांनी नुसती दोन बोटं वर केली.

सगळ्यात वाईट म्हणजे जगानं त्यांना दुजोरा दिला. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचं धम्मगिरी आहे. तिथे देशोदेशींची माणसं येऊन दहा दिवसांच्या शिबिराला बसतात, मौन पाळतात आणि निवळलेल्या चेहऱ्यानं स्टेशनकडे निघतात. अशाच एका इंग्लंडच्या पोराला नानांनी चहाच्या टपरीवर गाठलं. माझी त्याला वाचवण्याची इच्छा होती, पण तोवर नानांनी खिशातून डबी काढून एक मावळा त्याच्या तळहातावर ठेवला होता. पोरगा मावळ्याकडे बघत राहिला. नानांनी तोंड उघडलं, पोरानंही उघडलं, आणि दोघं एकाच वेळी म्हणाले, "टू थिन कोट्स." ते वाक्य तिकडे डंकन ऱ्होड्स नावाच्या शिक्षकाच्या व्हिडिओंमुळे घरोघरी झालं आहे म्हणे. दोघांनी कडकडून मिठी मारली. पोराची गाडी चुकली. त्यानं पुढे तिकडून एक ब्रश पाठवला, खऱ्या केसांचा, टोक सुईसारखं. नानांनी तो अजून वापरलेला नाही, देवघरात आहे.

हो, मावळा. नाना परग्रहावर फार दिवस रमले नाहीत. त्यांना भावला तो छोट्या चकमकीचा खेळ: दोन्हीकडे पाच-पाच, दहा-दहा माणसं, एक टेबल, फासे आणि मोजायला टेप. मोठ्या फौजांचे खेळ निराळे, तिथे शेकड्यानं पुतळे लागतात. इथे माणसं मोजकी, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं काहीतरी असावं लागतं. नाना म्हणाले, "मोजकी माणसं, खिंड आणि अंधार. अरे, हे तर आपलंच!" नाशिकच्या एका पोराकडे रेझिनचे पुतळे छापणारा प्रिंटर आहे. त्याच्याकडून अठ्ठावीस मिलिमीटरचे मावळे आले. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या पट्टा, एक जण वाकून जोड्याची वादी बांधतोय. नानांचा जीव त्या वादीवाल्यावर.

तयारीची सगळी हत्यारं घरातली. मावळ्याच्या पायाखाली हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर, म्हणजे डब्याच्या तळाला लोहचुंबक लावला की एसटीतसुद्धा फौज हलत नाही. ओल्या पॅलेटसाठी झाकणाचा डबा, त्यात भिजवलेला स्पंज, वर बटर पेपर. रंग दिवसभर सुकत नाही. जमिनीसाठी अंगणातली माती चाळून घ्यायची आणि पाचोळा म्हणून वापरलेली चहापूड वाळवून वर भुरभुरायची. माती चाळली चहाच्या गाळण्यानं. त्या दिवशी काकूंनी जे सुनावलं ते चांगलं जाड होतं, एकाच हातात.

रुळांची खडी बारीक करून खडक छान होतात, हे मी सुचवलं होतं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "ती रेल्वेची आहे," एवढंच म्हणाले.

खरा वैरी पाऊस. रंगाआधी पुतळ्याला प्रायमरचा फवारा द्यावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. हवेत दमटपणा असला की त्या फवाऱ्याची पूड होते आणि मावळ्याच्या अंगावर कोड उठल्यासारखं दिसतं. आता जून ते सप्टेंबर इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, तिथे प्रायमर कसा बसणार? नानांनी कालनिर्णयवर प्रायमरचे मुहूर्त मांडायला सुरुवात केली. काकूंची एकादशी आणि नानांचा फवारा यांच्या खुणा एकाच चौकोनात. श्रावणात एकदा दोन तास लख्ख ऊन पडलं. सगळं गाव वाळवणं घेऊन गच्चीवर धावलं, त्यात नाना एका हातात फवाऱ्याचा डबा आणि दुसऱ्या हातात मावळ्यांचं ताट घेऊन. शेजारच्या ताईंच्या पापडांना त्या वर्षी करडी झाक होती.

हे सगळं मी कंटाळून सांगतो आहे, हे लक्षात आलं असेलच. माझ्याही घरात आठ माणसं उभी आहेत, बहुतेक करडी. नानांनी ती माझ्या हातात कोंबली, म्हणाले, "नवशिक्यानं मुघलांपासून सुरुवात करावी. अंगरख्याला सपाट जागा जास्त."

पण एकदा मी त्यांना डोळा रंगवताना पाहिलं. अख्खा चेहरा चार मिलिमीटरचा, त्यात डोळा किती असेल? मावळा अमृतांजनच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेला. नानांनी कोपरं टेबलावर रोवली, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली. म्हणजे हात थरथरलाच तर दोन्ही एकदम थरथरतात आणि नेम चुकत नाही. आधी खोबणीत गडद तपकिरी. मग मळक्या पांढऱ्याची एक आडवी रेघ. पांढरंशुभ्र घालायचं नाही, मावळा भूत पाहिल्यासारखा दिसतो. मग बुबुळ. तिथे ठिपका द्यायला गेलं की चकणा होतो, म्हणून वरून खाली एक उभी बारीक रेघ ओढायची आणि जादा झालेली त्वचेच्या रंगानं वरखाली कापून टाकायची. नानांनी श्वास घेतला, सोडला आणि सोडून झाल्यावर जो क्षणभराचा थांबा असतो तेवढ्यात रेघ ओढली. समोरचा माणूस माझ्याकडे बघू लागला.

मी म्हणालो, "नाना, टेबलावर ठेवल्यावर हे डोळे कुणाला दिसणार?"

ते ब्रश धूत होते. म्हणाले, "बँकरमधून समोर काय दिसतं, माहितीय? शेवटच्या डब्याची पाठ. त्यावर पिवळी फुली. सबंध नोकरी मी त्या फुलीकडे बघत घाट चढलो. गाडीत हजार-बाराशे माणसं असतील. इगतपुरी आली की आम्ही सुटे. पुढे गाडीला बाहेरून टाटा करायला माणसं यायची, ती इंजिनाकडे बघायची. पुढच्या." मग एकदम ओरडले, "अगं, चहा ठेव! याच्यासाठी पण. आणि पूड टाकून देऊ नको, मला लागते."

मी त्या दिवशी पाच मिनिटांऐवजी दुपारभर बसलो. याची वाच्यता मी कुठे करत नाही, नाहीतर नाना रोज बसवतील.

दिवाळीचे किल्ले हा नानांचा दरवर्षीचा संताप. कावनई, त्रिंगलवाडी, अलंग-मदन-कुलंग हाकेच्या अंतरावर असताना पोरं करतात रायगडच. महाराज वीतभर, मावळे त्यांच्या गुडघ्याला, आणि सगळ्या मावळ्यांना एकच साचा, एकच तकतकीत लाल रंग. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तीही एक गालावर. नाना बाजारातल्या प्रत्येक स्टॉलवर थांबून मावळा उलटापालटा करतात आणि खाली ठेवून उसासा सोडतात. विकणारी बाई विचारते, "काय झालं बाबा?" मग बिचारीला कळतं काय झालं ते.

म्हणून गेल्या दिवाळीत नानांनी ठरवलं, खेळच मांडायचा, गावासमोर. प्रसंगही निवडला आपल्याच जिल्ह्यातला: १७ ऑक्टोबर १६७०, वणी-दिंडोरीची लढाई. दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज परत येत होते आणि त्यांना अडवायला दाऊदखान कुरेशी चांदवडच्या बाजूनं रातोरात निघाला. कांचनबारीजवळ पहाटे गाठ पडली. त्याच्याकडचा इखलासखान पुढे घुसला, जखमी होऊन घोड्यावरून पडला. मराठे मुघलांना हटवून निघून गेले. मुघलांकडचा भीमसेन सक्सेना तेव्हा तिथे हजर होता, त्यानं हे लिहून ठेवलं आहे. नानांनी थर्माकोलचे डोंगर कापले, चहापुडीचा पाचोळा केला, दहा मावळे आणि दहा मुघल पूर्ण रंगवले. माझे आठ करडेच होते, म्हणून दहाही त्यांनीच.

गावातली पोरं, पोरांचे आईबाप आणि आमच्या वॉर्डातलं एक होतकरू नेतृत्व जमलं. नेतृत्वानं आधी मावळ्यांसोबत फोटो काढला. मग नजर पलीकडे गेली. "नाना, मुघल जरा जास्तच देखणा झालाय." खरंच झाला होता. दाढीला करड्याच्या तीन छटा, शेल्याला काठ, आणि थकलेले डोळे.

नाना म्हणाले, "रात्रभर चालून आलाय तो. वरून हुकूम आला, निघाला. ड्यूटीवर होता बिचारा."

"पण एवढं मन लावून कशाला?"

"दोन हात मावळ्यांना दिले, दोनच त्यालाही दिले. कमी-जास्त नाही."

नेतृत्वाचं समाधान झालं नाही, पण मुद्द्याचं पुढेच होतं. नानांनी विचारलं, "मावळ्यांकडून कोण?" झाडून सगळे हात वर. "मुघलांकडून कोण?" पोरं आयांच्या मागे गेली. एक बाप म्हणाला, आमच्याकडे चालत नाही. कुणी म्हणालं, खेळ असला तरी बरं दिसत नाही. तेवढ्यात नेतृत्वानं फासे हातात घेऊन विचारलं, "आणि मुघल जिंकले तर?"

"तर जिंकले. फासे आहेत."

मग सूचना आली की मुघलांचा सहा पडला तर तो एक धरावा. काहींनी मान डोलावली. दुसरी सूचना आली की मुघलांनी फासे टाकूच नयेत, नुसतं उभं राहावं. नानांनी ऐकून घेतलं. मग एकेक मावळा, एकेक मुघल उचलून डब्यात ठेवला, खट खट खट, चुंबकावर. आम्हाला वाटलं चिडले. पण ते मला म्हणाले, "जिंकायचंच ठरवून बसल्यावर यांना काय कळणार, त्या खिंडीत काय हिंमत लागली असेल ते."

एच. जी. वेल्सनं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, खेळातल्या सैनिकांनी लढाई कशी मांडायची त्याच्या नियमांचं. त्यानं हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी म्हणून सांगितला होता. नाना सध्या बहात्तर वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांची बरीच वर्षं शिल्लक आहेत आणि घाई काही नाही. पण खेळ अजून एकदाही झालेला नाही. दोन्ही बाजू नाना स्वतः खेळू शकतात, पण ती लबाडी होईल असं त्यांचं मत आहे. मी बसलो असतो, मात्र स्वतः रंगवलेल्या माणसांनिशीच बसायचं हा त्यांचा नियम, आणि माझ्या आठांपैकी दोनच झालेत. त्यातला एक चकणा आहे.

तेव्हा कुणी इगतपुरीला येणार असाल तर कळवा. मुघलांकडून खेळायला माणूस पाहिजे. अनुभवाची अट नाही, रंगवलेली फौज नानांकडे तयार आहे आणि पाहुण्याला रंगवण्याच्या नियमातून सूट आहे. हरण्याची खात्री देता येत नाही. चहा मिळेल, गाळणं नवीन आणलं आहे. फक्त पावसाळ्यात येऊ नका आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा.